रोमची चांदी गेली कुठे?

चांदीचं नाणं नाहीसं होताना मी भंडाऱ्यात एका सोनाराच्या पडवीत बसून पाहिलं आहे. खेड्यावरून आलेल्या एका आजीनं लुगड्याच्या पदराची गाठ सोडली आणि चार कलदार रुपये सोनाराच्या पुढ्यात ठेवले. दोन व्हिक्टोरिया राणीचे, दोन पंचम जॉर्जचे. नातीला पैंजण करायचे होते. सोनारानं एकेक रुपया फरशीवर टाकून त्याचा नाद ऐकला, काट्यावर वजन केलं आणि चारही मुशीत घातले. वर चिमूटभर सवागी टाकली. राणीचा चेहरा बराच वेळ टिकून होता. मग कड गोलसर झाली, केसांच्या रेघा पुसल्या, आणि बघता बघता मुशीच्या तळाशी एकच चकाकता गोळा थरथरायला लागला. “आता हा कोन्याच राजाचा नाही जी,” सोनार म्हणाला.

रोमन चांदीच्या नाण्यांबद्दल लिहायला बसलो की मला ती मूस आठवते. कारण महाराष्ट्रात या नाण्यांची कथा बरीचशी अशा मुशींमधूनच गेलेली आहे.

रोमच्या चांदीच्या मुख्य नाण्याचं नाव देनारियस. इ.स.पू. 211 च्या सुमारास, हॅनिबलशी चाललेल्या युद्धाच्या धामधुमीत रोमनं हे नाणं पाडायला सुरुवात केली. सुरुवातीला त्याची किंमत काशाच्या दहा ‘अस’ नाण्यांइतकी होती, म्हणून त्याला ‘दहाचं नाणं’ या अर्थाचं हे नाव पडलं. पुढे भाव बदलला, एका देनारियसचे सोळा अस झाले, पण नाव तेच राहिलं. सम्राट ऑगस्टसच्या काळात या नाण्याचं वजन चार ग्रॅमला थोडं कमी होतं आणि चांदी जवळपास शुद्ध होती. आकारानं ते आपल्या जुन्या पंचवीस पैशांएवढं, पण जाड आणि हाताला भरीव लागणारं.

जगभरातल्या संग्राहकांचा या नाण्यावर जीव आहे, आणि तो का आहे हे एकदा हातात घेतल्याशिवाय कळत नाही. माझ्याकडे तिबेरियस सम्राटाचा एक देनारियस आहे. तिबेरियसनं इ.स. 14 ते 37 अशी तेवीस वर्षं राज्य केलं आणि त्या काळात चांदीत मुख्यतः एकाच नमुन्याची नाणी पाडली गेली. पुढच्या बाजूला उजवीकडे पाहणारा सम्राट, डोक्यावर लॉरेलच्या पानांचा मुकुट, मुकुटाच्या फितीची दोन टोकं मानेवर रुळणारी. कडेनं लॅटिन अक्षरं. त्यांचा अर्थ असा, की हा तिबेरियस सीझर, दिव्य ऑगस्टसचा पुत्र. मागच्या बाजूला खुर्चीवर बसलेली स्त्री, एका हातात राजदंड, दुसऱ्या हातात डहाळी. ती तिबेरियसची आई लिव्हिया असावी असं बहुतेक जण मानतात. कडेला ‘पोंतिफ मॅक्सिम’, म्हणजे मुख्य पुरोहित. बायबलमध्ये येशूला कराचं जे नाणं दाखवलं गेलं ते हेच, अशी जुनी समजूत आहे. त्यामुळे याला बाजारात नेहमीच मागणी असते.

माझ्या नाण्यावर कडेची काही अक्षरं बाहेर गेली आहेत. हातोड्याचा घाव तिरका बसला, म्हणून. तेव्हा नाणी यंत्रावर पडत नसत. खालचा ठसा ऐरणीत रोवलेला, त्यावर तापवलेली चांदीची चकती, वर हातात धरलेला दुसरा ठसा, आणि त्यावर घणाचा एक घाव. भिंगाखाली धरलं तर कडेजवळ चांदी बाहेरच्या दिशेनं ताणली गेल्याच्या बारीक रेषा दिसतात. दोन हजार वर्षांपूर्वी आजच्या फ्रान्समधल्या ल्यों शहराच्या टांकसाळीत कुणा कामगाराचा हात किंचित सरकला होता, आणि तो सरकलेला हात अजून तिथेच आहे.

या रेषांनीच मला एकदा वाचवलं असतं. पण माझी पहिली रोमन खरेदी त्याआधीची. ते नाणं ऑगस्टसचं म्हणून घेतलं होतं. मागच्या बाजूला ढाली-भाले घेऊन उभे असलेले त्याचे दोन नातू, गायस आणि लुशियस. भारतातल्या साठ्यांमध्ये हा नमुना अतिशय वारंवार येतो, त्यामुळे मलाही तोच हवा होता. घरी आणून वजन केलं तर काटा तीन ग्रॅमवर अडकला. भिंगाखाली पृष्ठभाग साबणासारखा गुळगुळीत, अक्षरांच्या कडा बोथट, आणि खोलगट भागात सुईनं टोचल्यासारखे बारीक खड्डे. कडेवरून गोल फिरून गेलेली एक पुसट शिवण. दोन अर्ध्या साच्यांत ओतलेलं नाणं होतं ते. त्या दिवशी फार वाईट वाटलं. पैशापेक्षा जास्त या गोष्टीचं, की महिनाभर मी त्या खोट्या चेहऱ्याकडे खऱ्या भक्तीनं पाहत होतो.

नव्यानं हा छंद लावून घेणाऱ्यानं म्हणून आधी काटा घ्यावा, मग भिंग, आणि नाणं सगळ्यात शेवटी. वजन, कड, आणि खोलगट जागा, या तीन गोष्टी डोळ्यांपेक्षा जास्त बोलतात. रोमन काळातही बनवाबनवी होतीच. आत तांबं आणि वर चांदीचा पत्रा चढवलेली जुनी नाणी सापडतात. अशा नाण्याचा पत्रा कुठेतरी फुटलेला असतो आणि आतून हिरवा रंग डोकावतो. भारतात सापडलेल्या कित्येक रोमन नाण्यांवर तर सम्राटाच्या गालावरून छिन्नीचा एक खोल वार गेलेला दिसतो. आतली चांदी खरी आहे का ते पाहण्यासाठी हा वार केला असावा, असं एक मत आहे. परक्या राजाचा चेहरा बाद करून नाण्याला केवळ धातूचा तुकडा ठरवण्यासाठी तो केला, असं दुसरं. सराफाच्या कसोटीच्या दगडाशी आपलं नातं किती जुनं आहे ते ध्यानात घेतलं, तर मला पहिलं मत जवळचं वाटतं. पण सोन्याच्या नाण्यांवरचे असे वार फार नेमके, चेहऱ्यावरच मारलेले असतात, हे पाहिल्यावर दुसरं मतही सहज टाकून देता येत नाही.

ही चांदी इकडे आली कशी, ते एका अनाम माणसानं लिहून ठेवलं आहे. इ.स.च्या पहिल्या शतकाच्या मध्यावर इजिप्तमधल्या एका ग्रीक भाषिक व्यापाऱ्यानं तांबड्या समुद्रापासून हिंदुस्थानपर्यंतच्या बंदरांची माहिती लिहिली. ते पुस्तक ‘पेरिप्लस’ या नावानं ओळखलं जातं. त्यात बारीगाझा, म्हणजे भडोच, इथे काय विकावं आणि काय घ्यावं याची यादी आहे. त्या यादीत रोमन सोन्याची आणि चांदीची नाणी येतात, आणि स्थानिक चलनात बदलून घेतली तर त्यांवर नफा सुटतो असंही तो सांगतो. भडोचहून वीस दिवसांच्या वाटेवर पैठण, आणि तिथून पूर्वेला दहा दिवसांवर तगर, म्हणजे आपलं धाराशिव जिल्ह्यातलं तेर, ही दोन गावं त्यानं नावानं नोंदवली आहेत. पैठणहून गाड्यांमधून अकीक दगड येतो, तेरहून साधं कापड आणि मलमल येते, असा तपशील तो देतो. ज्याला वाटेतल्या दिवसांची आणि गाड्यांची संख्या माहीत आहे, त्याच्या शब्दावर विश्वास ठेवावासा वाटतो.

रोममध्ये मात्र या व्यापाराबद्दल कुरकुर होती. रोमन लेखक थोरल्या प्लिनीनं लिहिलं आहे की हिंदुस्थान दरवर्षी साम्राज्यातून निदान पाच कोटी सेस्टर्स ओढून घेतो. चार सेस्टर्सचा एक देनारियस, म्हणजे सव्वा कोटी देनारियस. हे सगळं चांदीतच आलं असं धरलं, तर वर्षाला पंचेचाळीस टनांहून जास्त चांदी होते. प्लिनी उधळपट्टीवर चिडलेला माणूस होता, त्यामुळे त्याचा आकडा जसाच्या तसा घेता येत नाही. शिवाय बरंच देणं सोन्यात आणि मालाच्या बदल्यात मालात भागत असे. तरी त्याच्या आकड्याचा अगदी छोटा हिस्सा धरला तरी शेकडो किलो चांदी दरवर्षी पश्चिम किनाऱ्यावर उतरत असणार. ती गेली कुठे?

दक्षिणेत ती दिसते. कोइंबतूरच्या परिसरात देनारियसचे मोठमोठे साठे निघाले आहेत. तेलंगणात नलगोंडा जिल्ह्यातल्या अक्कनपल्ली इथे एकाच ठिकाणी दीड हजारांहून जास्त चांदीची रोमन नाणी मिळाली. बंगळूरजवळ यशवंतपूरला, चित्रदुर्गजवळ चंद्रवल्लीला ती आहेत. बहुतेक ठिकाणी ऑगस्टस आणि तिबेरियस या दोघांचीच गर्दी असते. त्यालाही कारण आहे. इ.स. 64 मध्ये नीरोनं देनारियसचं वजन उतरवलं आणि त्यातली चांदीही कमी केली. नाण्याचा चेहरा तसाच, पण कस उतरलेला. दूरदेशी वजनावर नाणी घेणारा व्यापारी अशा नाण्यापेक्षा जुनं, चोख नाणंच पसंत करणार, असं अभ्यासक म्हणतात. पुढे दुसऱ्या शतकाच्या सुरुवातीला सम्राट ट्राजननं जुनी झिजलेली नाणी मागवून वितळवली, आणि मग ती जुनी चोख चांदी मिळणंही अवघड झालं.

भंडाऱ्याच्या दृष्टीनं यातलं सगळ्यात जवळचं ठिकाण जुन्या करीमनगर जिल्ह्यातलं नस्तुल्लापूर. तिथे 39 चांदीच्या रोमन नाण्यांचा साठा मिळाला. आता नकाशा उघडून पाहा. भंडारा जिल्ह्यातल्या पवनीच्या घाटावरून वाहणारी वैनगंगा पुढे वर्धेला मिळते, दोघींची मिळून प्राणहिता होते, आणि प्राणहिता कालेश्वरमपाशी गोदावरीला मिळते. तो संगम जुन्या करीमनगर जिल्ह्यातच आहे. म्हणजे आपल्या नदीचं पाणी ज्या मुलखात जातं त्याच मुलखात रोमन चांदी निघते. आपल्या काठावर मात्र ती तशी निघत नाही.

पवनी त्या काळी लहान गाव नव्हतं. आजही गावाभोवती मातीचा प्रचंड तट आणि खंदक आहे. पावसाळ्यानंतर तटावर गवत वाढलं की तो एखाद्या टेकडीसारखा दिसतो. 1969-70 मध्ये नागपूर विद्यापीठ आणि भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण यांनी मिळून इथे उत्खनन केलं. शां. भा. देव आणि जगतपती जोशी यांच्या देखरेखीखाली जगन्नाथ टेकडीवर विटांचा मोठा बौद्ध स्तूप उघडा झाला. त्याच्या दगडी कठड्यावर दान देणाऱ्यांची नावं ब्राह्मीत कोरलेली होती. नाग मुचलिंदाचं शिल्प मिळालं, सातवाहनांची नाणीही मिळाली. नागपूर जिल्ह्यातल्या कुही तालुक्यात अडम आहे. तेही तटबंदीचं प्राचीन नगर. ही गावं पैठण-तेरकडून दक्षिण कोसलाकडे, म्हणजे आजच्या छत्तीसगडाकडे, जाणाऱ्या वाटांवर होती. त्या वाटेच्या पुढच्या टोकाला, बिलासपूर भागातल्या चकरबेढा इथे, रोमन सोन्याची नाणीही मिळाली आहेत. वाट होती, बाजार होता, दान देण्याइतका पैसा गाठीशी असलेली माणसं होती.

मग त्यांचा पैसा कशाचा होता? विदर्भात त्याचं उत्तर पोटीन असं आहे. तांबं, कथील आणि शिसं यांच्या मिश्रणाचा हा करडा-काळा धातू. 1939 मध्ये तेव्हाच्या अकोला जिल्ह्यातल्या, आजच्या वाशीम जिल्ह्यातल्या तऱ्हाळा गावी सुमारे 1600 पोटीन नाण्यांचा साठा मिळाला. महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी ती एकेक करून वाचली आणि पुराणांच्या यादीत नसलेले कुंभ, कर्ण असे सातवाहन राजे त्यातून पुढे आले. एका बाजूला सोंड वर केलेला हत्ती, दुसऱ्या बाजूला उज्जैन चिन्ह. रोजचं मीठ-तेल या नाण्यांवर येत होतं. मला मिराशींचं हे काम फार मोठं वाटतं. झिजलेल्या, एकमेकांसारख्या दिसणाऱ्या सोळाशे नाण्यांसमोर बसून, एकावर अर्धं आणि दुसऱ्यावर उरलेलं अर्धं नाव जुळवत एक राजा उभा करायचा, यासाठी लागणारी चिकाटी भिंग हातात घेतलेल्या प्रत्येकानं एकदा आजमावून पाहावी.

चांदीचा माग मात्र विदर्भातून नाशिककडे जातो. गोदावरीच्या काठी जोगळटेंभी नावाचं गाव आहे. तिथे विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात चांदीच्या नाण्यांचा असा साठा निघाला की त्यानं महाराष्ट्राच्या इतिहासातलं एक पान नक्की केलं. सव्वातेरा हजारांहून जास्त नाणी, आणि सगळी एकाच राजाची, क्षहरात घराण्यातल्या शक क्षत्रप नहपानाची. त्यातल्या नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीनं स्वतःचा ठसा मारलेला होता. रेव्हरंड स्कॉट यांनी 1908 मध्ये या साठ्याचा अभ्यास प्रसिद्ध केला. नाशिकच्या लेण्यातल्या शिलालेखात गौतमीपुत्राची आई बलश्री आपल्या मुलाला क्षहरातांचा वंश निःशेष करणारा म्हणते. ते केवळ आईचं कौतुक नव्हतं, हे या नाण्यांनी दाखवलं. नहपानाच्या गालावर उमटलेली गौतमीपुत्राची तीन कमानींची टेकडी पाहिली की पराभव किती जवळून दिसतो!

पण मला इथे ठशापेक्षा धातूकडे बघायचं आहे. नहपानाच्या नाण्यावर राजाचा उजवीकडे पाहणारा चेहरा आहे. ग्रीक अक्षरांत त्याचं नाव आहे. मागे बाण आणि वज्र, आणि ब्राह्मी व खरोष्ठी या दोन लिप्यांमधला लेख. महाराष्ट्रात सापडलेल्या नाण्यावर ग्रीक अक्षरं कशाला? ज्या बाजारात हे नाणं चालायचं होतं, तिथे ग्रीक-शक राजांची जुनी चांदी आणि रोमन चांदी आधीपासून फिरत होती, म्हणून. पेरिप्लसचा लेखक भडोचच्या बाजारात मिनँडर आणि अपोलोडोटस या ग्रीक राजांची जुनी द्रम्म नाणी अजून चालतात असं सांगतो. त्यानं जो राजा नोंदवला आहे त्याचं नाव नांबानुस असं वाचतात, आणि तो नहपानच असावा. लोकांच्या ओळखीच्या पैशासारखाच पैसा पाडायचा, हे शहाणपण त्यामागे होतं. चेहऱ्याच्या ठेवणीतही रोमन नाण्यांची छाप आहे, असं काही अभ्यासकांना वाटतं.

आणि चांदी? सह्याद्रीत किंवा विदर्भात चांदीच्या खाणी नव्हत्या. नहपानाचं एक नाणं साधारण सव्वादोन ग्रॅमचं. जोगळटेंभीचा सगळा साठा एकत्र केला तर सुमारे तीस किलो चांदी भरते, आणि हा तर त्याच्या पाडलेल्या नाण्यांपैकी एका कोपऱ्यात पुरून राहिलेला हिस्सा. भडोचला रोमन चांदी बदलून घेतली की नफा सुटतो, या वाक्याचा अर्थ इथे उलगडतो. परकं नाणं बंदरात घ्यायचं, राजाच्या टांकसाळीत वितळवायचं आणि आपल्या राजाच्या नावानं परत पाडायचं. एका देनारियसच्या चांदीत नहपानाची जवळजवळ पावणेदोन नाणी होतात. क्षत्रपांची चांदी अशी रोमन नाणी वितळवून आली असावी, हा विचार नाणकशास्त्रात बऱ्याच काळापासून मांडला जातो, आणि मला तो पटतो. दक्षिणेत राजे स्वतःची चांदी फारशी पाडत नव्हते. तिथे देनारियस देनारियस म्हणूनच राहिला, पुरला गेला आणि आपल्याला सापडला. पश्चिम भारतात त्याला टांकसाळ भेटली, आणि चेहरा बदलला.

नहपानाचा जावई उषवदात यानं या पैशाचं काय केलं, तेही नाशिकच्या लेण्यात कोरलेलं आहे. एका दानाचा हिशोब तिथे असा दिला आहे: सत्तर हजार कार्षापण, पस्तीस कार्षापणांचा एक सुवर्ण या भावानं दोन हजार सुवर्ण. भिक्खूंच्या चिवरांसाठी आणि इतर गरजांसाठी त्यानं विणकरांच्या श्रेणींकडे रकमा ठेव म्हणून ठेवल्या, दोन हजार एका श्रेणीकडे आणि एक हजार दुसरीकडे, दोन वेगळ्या व्याजदरांनी. मूळ रक्कम परत घ्यायची नाही, फक्त व्याज वापरायचं, अशी अट त्याच लेखात आहे. शिलालेख राजांची स्तुती गातात हे खरं, पण सोन्या-चांदीचा भाव, ठेवीची रक्कम आणि व्याजाचा दर दगडावर लिहून ठेवणारा शिलालेख फार विरळा. माझ्या दृष्टीनं देनारियसनं महाराष्ट्रात घेतलेलं सगळ्यात सुंदर रूप हेच आहे: कुठल्या तरी रोमन माणसाच्या मलमलीची किंमत शेवटी नाशिकच्या डोंगरात भिक्खूच्या अंगावरचं कापड झाली.

आणि हा धागा परत पवनीला येतो. पवनीत एक दगडी खांब मिळाला आहे. त्याच्यावर ब्राह्मी लिपीत लेख आहे, आणि तो महाक्षत्रपकुमार रूपिअम्म याचा छायास्तंभ, म्हणजे स्मृतिस्तंभ, असल्याचं त्यात म्हटलं आहे. मिराशींनी या लेखाचं महत्त्व ओळखलं. ज्या क्षत्रपांचं नाव आपण भडोच, उज्जैन, नाशिक यांच्याशी जोडतो, त्यांचा एक कुमार वैनगंगेच्या काठावर आठवला जात होता. पवनीपासून फार लांब नाही अशा छिंदवाडा जिल्ह्यात, सोनपूर इथे, क्षत्रपांच्या चांदीच्या सहाशेहून अधिक नाण्यांचा साठाही मिळालेला आहे. म्हणजे क्षत्रप आले, त्यांची चांदीही या बाजूला आली. रोमन सम्राटाचा चेहरा भंडाऱ्याच्या मातीत शोधत बसलेल्या माझ्यासारख्या माणसानं आधी या छोट्या, मिशीवाल्या, कडेला ग्रीक अक्षरांची मोडतोड झालेल्या नाण्यांकडे बघायला हवं होतं. मला ते कळायला काही वर्षं लागली.

क्षत्रपांची नाणी जमवण्यात आणखी एक आनंद आहे. नहपानानंतरच्या घराण्यात, दुसऱ्या शतकाच्या अखेरीपासून, राजाच्या डोक्यामागे शक संवताचं वर्ष ब्राह्मी अंकांत येऊ लागलं. आपल्या पंचांगात आजही छापला जातो तोच हा शक. राजा, त्याचा बाप, दोघांच्या पदव्या आणि वर्ष, एवढं सगळं नखाएवढ्या चांदीवर. ग्रीक अक्षरं मात्र पिढ्यागणिक बिघडत गेली. ठसा कोरणाऱ्याला ती वाचता येत नव्हती, तो आधीच्या नाण्यावरून नक्कल करत होता. शंभर वर्षांत त्या अक्षरांची नुसती नक्षी झाली. नव्या संग्राहकानं पाच-सहा क्षत्रप नाणी काळाच्या क्रमानं लावावीत आणि कडेच्या त्या अक्षरांवरून नजर फिरवावी. एक भाषा कशी मरते ते दिसतं.

भाषेचा विषय निघालाच आहे तर ग्रीक द्रख्माचं आपल्याकडे द्रम्म झालं. शिलाहारांच्या लेखांमध्ये द्रम्म येतो, आणि त्याच शब्दापासून आपला ‘दाम’ आला. देनारियसचं संस्कृतात दीनार झालं आणि गुप्तांच्या काळात सोन्याच्या नाण्याला ते नाव मिळालं. रोममध्ये चांदीचं असलेलं नाव इथे सोन्याला चिकटलं. तेर आणि कोंडापूरसारख्या ठिकाणी रोमन नाण्यांच्या ठशावरून केलेली मातीची पदकं मिळाली आहेत, ओवण्यासाठी कडी असलेली. ज्या बाईला चांदीचं नाणं परवडत नव्हतं तिनं सम्राटाचा चेहरा मातीत घेऊन गळ्यात घातला. पुतळ्यांची माळ आपल्या घरांत कुठून आली हे सांगता येणार नाही, पण नाणं गळ्यात घालायची हौस इतकी जुनी आहे.

आता थोडं हाताळणीबद्दल. जुनी चांदी पाहिली की घरातल्या माणसांचा हात चिंचेकडे किंवा राखेकडे जातो. रोमन असो की क्षत्रप, प्राचीन नाण्याला यातलं काहीही लावू नये. मातीत शतकानुशतकं राहिलेली चांदी आतून ठिसूळ होते. घासताना ती तुटू शकते, आणि वरचा काळसर थर गेला की त्याबरोबर बारीक रेषाही जातात. माती असेल तर ऊर्ध्वपातित पाण्यात भिजत ठेवावं, मऊ कापडावर ठेवून आपोआप सुकू द्यावं, बस्स. मऊ पीव्हीसी प्लास्टिकच्या पाकिटात नाणं ठेवू नये. काही वर्षांत त्यातून चिकट, हिरवट थर सुटतो आणि तो चांदी खातो. आम्लरहित कागदाचं पाकीट सगळ्यात चांगलं, कारण त्यावर लिहिताही येतं. नाशिकजवळ अंजनेरीला परमेश्वरीलाल गुप्त यांनी उभारलेल्या नाणकशास्त्र संशोधन संस्थेचं संग्रहालय ज्याला जमेल त्यानं पाहावं. आंध्रात सापडलेल्या रोमन नाण्यांवरचं मोलाचं काम याच गुप्तांचं आहे. नाणी कशी मांडावीत आणि कशी जपावीत ते तिथे पाहून कळतं.

आणि नाणं विकत न घेता जमिनीत सापडलं तर? विदर्भात हा प्रश्न नेहमी येतो. नांगराच्या फाळाला मडकं लागतं, विहीर खोदताना हंडी फुटते, पावसात तटाची माती खचते. पहिल्या तासाभरात नाणी घराघरांत वाटली जातात, आणि संध्याकाळपर्यंत त्यातली काही मुशीत असतात. यासाठी आपल्याकडे 1878 पासून निखात निधीचा कायदा आहे. दहा रुपयांहून जास्त किमतीचं जे काही पुरलेलं सापडेल त्याची लेखी खबर जिल्हाधिकाऱ्यांना द्यावी लागते. न देणं हा गुन्हा आहे. लोक घाबरतात की सगळं सरकारजमा होईल. कायद्यात मात्र ज्याला सापडलं त्याचा आणि जमिनीच्या मालकाचा हिस्सा ठरवलेला आहे. सरकारला तो ठेवा स्वतःकडे ठेवायचा असेल तर धातूची किंमत आणि वर तिचा पाचवा हिस्सा द्यावा लागतो. विदर्भातले कितीतरी साठे याच वाटेनं नागपूरच्या मध्यवर्ती संग्रहालयात, म्हणजे आपल्या अजब बंगल्यात, पोचले. 1972 च्या पुरावस्तू कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुनं नाणं पुरावस्तू ठरतं आणि ते परवानगीशिवाय देशाबाहेर नेता येत नाही.

1878 च्या कायद्यातलं ते खबर देण्याचं कलम मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा थांबलो होतो. त्यात चार गोष्टी विचारल्या आहेत: काय सापडलं, किती किंवा कितीचं, कुठे, आणि कोणत्या दिवशी. तऱ्हाळ्याच्या नाण्यांतून राजे उभे राहिले ते सगळी नाणी एकत्र आणि एका जागची होती म्हणून. जोगळटेंभीची नऊ हजार ठसेवाली नाणी चार बाजारांत विखुरली असती तर गौतमीपुत्राचा विजय कुणाला मोजता आला नसता. नाण्याबरोबरचं मडकंसुद्धा टाकू नये, फुटलेलं असलं तरी. त्याची माती आणि घडण काळ सांगते.

माझा तिबेरियस एका कागदी पाकिटात आहे. पाकिटावर मी राजाचं नाव, टांकसाळ, वजन, घेतल्याची तारीख लिहिली आहे. शेवटची ओळ ‘सापडल्याचं ठिकाण’ अशी आहे. विकणाऱ्याला विचारलं होतं. त्यानं ज्याच्याकडून घेतलं त्यालाही विचारलं. ती ओळ अजून रिकामी आहे.